हाकेच्या अंतरावर असूनही: सामांता श्वेब्लिन यांची ‘फीवर ड्रीम’

‘फीवर ड्रीम’मधली अमांडा दिवसभर एकच गणित मांडत असते. नीना आत्ता माझ्यापासून किती लांब आहे? ती अचानक पोहण्याच्या तलावाकडे धावत सुटली, तर गाडीचं दार उघडून, उतरून तिला गाठेपर्यंत किती वेळ जाईल? घर बदललं, खोली बदलली, सोबतचं माणूस बदललं की उत्तर बदलतं आणि गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. या मापाला तिने स्वतःचं नाव दिलंय, वाचवण्याचं अंतर. मायलेकींमध्ये एक दोरी बांधलेली आहे असं ती धरून चालते. मुलगी जवळ असली की दोरी सैल, लांब गेली की तिचा ताण थेट पोटात.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द आहे, ‘हाकेचं अंतर’. मूल हाकेच्या अंतरावर आहे म्हटलं की आपला जीव भांड्यात पडतो. या कादंबरीने नेमका तोच दिलासा काढून घेतलाय. यातली सगळ्यात भीषण गोष्ट घडते तेव्हा मुलगी हाकेच्याही अलीकडे, आईचा हात पोचेल इतकी जवळ बसलेली असते. मनावरचे घाव आणि एकटं पडणं या विषयांवरच्या अलीकडच्या भयकथांपैकी कोणती आधी वाचावी असं कुणी विचारलं, तर मी हीच पुढे करेन. कारण इतकंच, की भीती कुठून येते याचा हिशोब इतक्या काटेकोरपणे मांडलेलं दुसरं छोटं पुस्तक मला माहीत नाही.

आधी जुजबी माहिती. श्वेब्लिन यांचा जन्म १९७८ चा, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमधला. आता त्या बर्लिनमध्ये राहतात. मूळ स्पॅनिश कादंबरी ‘दिस्तान्सिया दे रेस्काते’ (म्हणजे तेच, ‘वाचवण्याचं अंतर’) २०१४ मध्ये आली, मेगन मॅकडॉवेल यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये. त्या वर्षी ती मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत होती आणि लघुकादंबरीसाठीचा शर्ली जॅक्सन पुरस्कार तिला मिळाला. पानं दोनशेच्या आत, तीही मोकळ्या छपाईची. प्रकरणं नाहीत, भाग नाहीत, वाचक थांबून पाणी पिऊन येईल अशी मोकळी ओळ नाही. ही शेवटची बाब वाचायला बसण्याआधीच लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येतो.

मांडणी अशी. अमांडा एका ग्रामीण दवाखान्यात पडून आहे. तिला हालचाल करता येत नाही, नीट दिसत नाही. शेजारी दाविद नावाचा मुलगा आहे, तो तिच्या कानाशी कुजबुजतो. हा तिचा मुलगा नव्हे, त्या गावात ओळख झालेल्या कार्लाचा. दोघं मिळून गेल्या काही दिवसांत काय घडलं ते आठवताहेत, आणि दाविदला त्यातला एक विशिष्ट क्षण हवाय. अंगात किडे शिरावेत तसं काहीतरी ज्या क्षणी सुरू झालं, तो क्षण. वेळ थोडा उरलाय असं तो वारंवार बजावतो. नीना कुठे आहे, हे अमांडा विचारत राहते. त्याचं उत्तर तो लगेच देत नाही.

पहिल्याच पानावर एक बारीक गोष्ट आहे, आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते. सुरुवातीला किड्यांबद्दल सांगतो तो मुलगा आणि प्रश्न विचारते ती बाई. काही ओळींत हे उलटतं, आठवून सांगण्याचं काम बाईकडे येतं आणि चौकशी मुलाकडे. ही अदलाबदल इतकी सहज होते की आपण मान डोलावून पुढे जातो. पुढे मात्र संपूर्ण कादंबरीभर सूत्रं त्या लहान मुलाच्या हातात राहतात आणि मोठ्या बाईला त्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या आठवणीतसुद्धा मागेपुढे सरकता येत नाही.

वाचताना लोक कुठे अडखळतात तेही सांगायला हवं, कारण पुस्तक अर्धवट टाकणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी एकच असते: कोण बोलतंय कळत नाही. खूण सोपी आहे. इंग्रजी आवृत्तीत दाविदचं बोलणं इटॅलिकमध्ये आहे आणि त्याला अवतरणचिन्हं नाहीत. अमांडाचं निवेदन आणि त्याला दिलेली तिची उत्तरं सरळ अक्षरांत आहेत. अवतरणचिन्हांत येतं ते आठवणीतल्या माणसांचं बोलणं, मुख्यतः कार्लाचं. म्हणजे तीन काळ एकमेकांत बसवलेत. सगळ्यात बाहेर दवाखान्यातली खाट, तिच्या आत अमांडा आणि नीना भाड्याच्या घरात राहिल्या ते दिवस, आणि त्याच्याही आत कार्ला सांगते ती सहा वर्षांपूर्वीची हकीकत. आतली हकीकत रंगात आली की नेमका बाहेरून दाविद बोलतो आणि आपण खाटेवर परत येऊन आदळतो. पहिली दहा पानं या तीन पातळ्या ओळखत सावकाश वाचली की पुढे कुठेही गोंधळ होत नाही. उलट घाईने सुरुवात केली तर विसाव्या पानावर परत मागे जावं लागतं, आणि या पुस्तकाला मागे जाणं सोसत नाही, त्याचा दाब सुटतो.

दाविदची चौकशी हे या कादंबरीचं खरं यंत्र आहे. अमांडा एखादा तपशील सांगते आणि तो म्हणतो, हे महत्त्वाचं नाही, पुढे चल. कधी म्हणतो, हे फार महत्त्वाचं आहे, इथे बारकाईने बघ. वरवर हा निव्वळ तंत्राचा खेळ वाटेल. पण ज्याच्यावर काही आघात झालाय त्या माणसाची आठवण कशी चालते ते पाहा. बिकिनीचे सोनेरी पट्टे, केसांचा अंबाडा, उन्हात तापलेल्या सीटा, असलं सगळं लख्ख आठवतं आणि ज्या क्षणाने आयुष्य उलटंपालटं केलं तो क्षण मात्र हाती लागत नाही. कारण तो घडला तेव्हा तो ‘तो क्षण’ आहे हे ठाऊकच नव्हतं. बाकी शंभर क्षणांसारखाच तोही एक होता. अमांडा ज्या गोष्टींना जपते त्या दाविद बाजूला सारतो, आणि ज्यांच्यावरून ती घाईने पुढे जाते तिथे तो थांबायला लावतो. वाचकाची अडचण अशी की हळूहळू आपणही त्याच्या चाळणीवर विश्वास ठेवायला लागतो. तो पुढे चल म्हणाला की आपण निर्धास्त होतो. या विश्वासाचा लेखिकेने फार हुशारीने उपयोग केलाय.

याच यंत्राचा एक दोषही आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात, अमांडाची तब्येत ढासळत जाते तेव्हा, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं हा पाढा थोडा जास्त वेळा येतो. आधी ज्या शब्दाने कान टवकारत होते, त्याची सवय होते. तिथली दहाएक पानं मला सैल वाटतात. सुदैवाने लगेच नंतर गावातल्या मुलांचा प्रसंग येतो आणि पकड पुन्हा घट्ट होते.

कार्लाची हकीकत वेगळी काढून बोलण्याजोगी आहे. तिचा नवरा ओमार घोडे पैदास करायचा. त्यासाठी दुसऱ्याकडून आणलेला एक महागडा घोडा सुटतो. नवरा परत यायच्या आत तो सापडायला हवा, नाहीतर घर बुडालं, म्हणून कार्ला लहानग्या दाविदला घेऊन शोधत निघते. घोडा ओढ्यावर पाणी पिताना सापडतो. तो धरायच्या नादात मुलाकडे तिचं क्षणभर दुर्लक्ष होतं, आणि ती वळून बघते तर पोरगं पाण्यात उकिडवं बसून बोटं चोखतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा आडवा पडलेला असतो, पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे दिसत नाहीत. घोडा जे पाणी प्यायला तेच मुलाच्या पोटात गेलंय, हे तिच्या लक्षात येतं.

डॉक्टर यायला तास न् तास लागणार, मुलाकडे तेवढा वेळ नाही. गावात एक हिरवं घर आहे, तिथली बाई उपाय करते. ती सांगते तो उपाय असा: मुलाचा आत्मा अर्धा दुसऱ्या कुणा शरीरात हलवायचा, म्हणजे विषही अर्धं तिकडे जाईल आणि दोन्ही शरीरं तगतील. बदल्यात दुसरं काहीतरी अनोळखी त्याच्या शरीरात येईल. परकायाप्रवेश म्हणावा तर तोही पुरता नाही, अर्धामुर्धा. मूल जगतं. पण कार्लाला ते आपलं वाटेनासं होतं. जीव वाचला आणि मूल गेलं, अशा अवस्थेत ती सहा वर्षं काढते.

हा भाग मी भुताखेताचा म्हणून वाचत नाही, आणि तसा वाचला तर पुस्तक निम्मं होतं. जबर आजारातून उठलेलं मूल पूर्वीसारखं हसत नाही, जवळ येत नाही, रात्री उठून कुठेतरी जातं. आईला वाटतं हे कुणी दुसरंच आहे. तिचं हे वाटणं उघडपणे बोलायला जागा नसते, कारण ज्याचं मूल जगलं त्याने तक्रार करायची नसते. हिरव्या घरातल्या बाईने कार्लाला उपाय दिला की नाही हा वादाचा मुद्दा, पण तिच्या परकेपणाला एक गोष्ट दिली हे नक्की. कादंबरी दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवते. ज्यांना स्पष्ट निकाल लागतो त्यांना याचा त्रास होईल. मला यात लेखिकेचा प्रामाणिकपणा दिसतो.

पुढच्या दोन परिच्छेदांत मधल्या एका प्रसंगाविषयी लिहितोय. शेवट फुटत नाही, पण कोरी पाटी घेऊन वाचायचं असेल तर ते ओलांडून जा.

दाविदच्या वागण्याने घाबरून अमांडा गाव सोडायचं ठरवते. सामान भरलंय, नीना तयार आहे. मग तिला वाटतं, कार्लाचा निरोप न घेता जाणं बरं दिसत नाही. कार्ला सोतोमायोरच्या शेतावर हिशोबाचं काम करते, म्हणून त्या तिथे जातात. काही माणसं ट्रकमधून प्लास्टिकचे पिंप उतरवत असतात. मायलेकी गवतावर बसतात. उठताना नीना म्हणते की आपण ओल्या झालोय. आई हात लावून बघते, कपडे खरंच दमट आहेत. दव असेल, चालता चालता वाळेल, असं ती सांगते. एवढंच. आणि खाटेशेजारून दाविद सांगतो की हाच तो क्षण. अमांडाला पटत नाही, कारण तिच्या आठवणीत तिथे दुसरं काहीच नाही.

हा प्रसंग कसा बांधलाय ते जवळून पाहण्यासारखं आहे. भयकथेची सवय असलेला लेखक इथे वास आणेल, गवताचा रंग बदलेल, एखादा पक्षी मरून पडलेला दाखवेल. श्वेब्लिन यांनी असं काही केलेलं नाही. निवेदनातलं वाक्य आधीच्या वाक्यांपेक्षा लांब नाही, आखूड नाही, त्यात एकही जड शब्द नाही. ‘दव’ हा शब्द तर आईच्या मायेचा. अमांडा पळून जात होती ती दाविदपासून, म्हणजे चुकीच्या संकटापासून, आणि खऱ्या संकटाच्या मांडीवर जाऊन बसली ती निव्वळ सभ्यतेपोटी. दोरी तेव्हा सैल होती, कारण मुलगी शेजारीच होती. तिचं सगळं गणित लांबीचं होतं. जे घडलं त्याला लांबी नव्हतीच.

एकटेपणाबद्दल बोलायचं तर इथे तो रिकाम्या घराचा किंवा रात्रीच्या अंधाराचा नाही. कादंबरीचा बराच भाग भर उन्हात घडतो. दूरवर पसरलेलं सोयाबीन, एकमेकांपासून लांब असलेली घरं, शहरात राहिलेला नवरा, इथली माणसं कोण आणि कशी हे ठाऊक नसलेली पाहुणी. पण खरा एकटेपणा माहितीचा आहे. गावातल्या लोकांना काहीतरी ठाऊक आहे. त्यांच्या घरांत पापण्या आणि भुवया नसलेली, त्वचा लालसर झालेली, हातापायात व्यंग असलेली मुलं आहेत. कुणी ते लपवत नाही आणि कुणी त्याचा उच्चारही करत नाही. दवाखान्यातली नर्स उन्हाचा त्रास झालाय, विश्रांती घ्या म्हणते. तिला दोष देणं सोपं आहे, पण रोज तेच बघणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणावं? सगळं गाव जिथे एखादी गोष्ट नेहमीची धरून चालतं, तिथे बाहेरून आलेल्या माणसाला ती विचारायला शब्दच मिळत नाहीत. अमांडाला कुणी कोंडलेलं नाही, फसवलेलं नाही. तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

या सगळ्याला जमिनीवरचा आधार आहे. तणनाशक सहन करणारं, जनुकीय बदल केलेलं सोयाबीन अर्जेंटिनाने १९९६ मध्ये मंजूर केलं आणि पुढच्या वर्षांत त्याखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. कोर्दोबा शहराच्या कडेला, शेतांना लागून असलेल्या इतुसाइंगो आनेक्सो या वस्तीतल्या आयांनी दारोदार फिरून कुणाच्या घरी कोण आजारी आहे याची मोजणी केली. त्यांच्यातल्या सोफिया गातिका यांना २०१२ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोर्दोबाच्या न्यायालयाने वस्तीजवळ बेकायदा फवारणी केल्याबद्दल एक शेतमालक आणि एक फवारणी वैमानिक यांना दोषी ठरवलं. कादंबरीत यातलं काहीही येत नाही. रसायनाचं नाव नाही, कंपनी नाही, खटला नाही. ही माहिती नसतानाही पुस्तक पुरेपूर भिववतं, म्हणून पहिल्या वाचनाआधी ती शोधत बसू नका. वाचून झाल्यावर मात्र जरूर वाचा. दारोदार मोजत फिरणाऱ्या त्या आया आणि अंतर मोजणारी अमांडा यांना शेजारी ठेवलं की कादंबरी आणखी वेगळी दिसते. त्या बायकांनी योग्य गोष्ट मोजली होती.

आता उणिवा. पहिली इंग्रजी नावाची. तापातलं स्वप्न असं नाव दिलं की वाचकाला सुटायला एक दार मिळतं: बाई तापाने फणफणलीय, तेव्हा हे सगळं भ्रमच असणार. मूळ नावात असं दार नव्हतं. मूळ नाव मोजमाप सांगतं आणि मोजमाप करणारं माणूस शुद्धीवर असतं. अनुवादाच्या आत मॅकडॉवेल यांनी ती संज्ञा जशीच्या तशी, जिथे जिथे यायला हवी तिथे ठेवलीय, त्यामुळे नुकसान मुखपृष्ठापुरतं राहतं. तरी पुस्तक हातात घेतल्यावर मनात मूळ नाव धरून वाचा, असाच माझा आग्रह राहील. मराठीत कुणी हे पुस्तक आणलं तर ‘बचाव-अंतर’ असा सरकारी शब्द कृपा करून वापरू नये. ‘धावेचं अंतर’ चालेल, त्यात निदान आईचे पाय तरी ऐकू येतात.

दुसरी उणीव शेवटाकडची. तपशील सांगत नाही, पण शेवटच्या काही पानांत अमांडा जे सांगते ते तिला कसं दिसलं असेल, हा प्रश्न पडतो. तोवर कादंबरीने एक करार पाळलेला असतो, की तिने पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच आपल्यापर्यंत येईल. दाविदच्या मदतीने ती आता पलीकडचं बघते असं स्पष्टीकरण मिळतं, पण ते मला थोडं ओढूनताणून वाटतं. त्या पानांतलं अगदी शेवटचं चित्र इतकं जबरदस्त आहे की हा करार मोडल्याचा राग टिकत नाही, ही गोष्ट वेगळी. तिसरी उणीव पुरुषपात्रांची. ओमार आणि अमांडाचा नवरा दोघंही धूसर राहतात. हे आयांचं पुस्तक आहे, त्यामुळे बाप कडेला असणं समजू शकतं. पण शेवटाचा भार ज्याच्यावर टाकलाय त्या नवऱ्याला आधी चार ओळी तरी जास्त द्यायला हव्या होत्या.

अनुवादाची इंग्रजी साधी आहे. वाक्यं आखूड, शब्द रोजच्या वापरातले, निवेदन बहुतांशी वर्तमानकाळात. इंग्रजी कादंबऱ्या ज्यांना जड जातात त्यांनीही बिनधास्त हातात घ्यावी. शब्दकोशाची गरज फारशी पडणार नाही आणि जिथे पडेल तिथे न थांबता पुढे गेलं तरी चालेल.

छापील प्रत घ्या असं मी सुचवेन. किंडलवर अक्षर फार लहान ठेवलं तर इटॅलिक आणि सरळ ठसा यांतला फरक पटकन जाणवत नाही आणि पुन्हा तोच कोण-बोलतंय गोंधळ होतो. किंडलच वापरायचं असेल तर अक्षर नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मोठं ठेवा आणि दोन्ही ठशांत ठळक फरक दिसणारा फाँट निवडा. ऑडिओबुकमध्ये हा फरक डोळ्यांना दिसायची सोयच नाही, म्हणून पहिल्या वेळेला ते टाळा. दुसऱ्या वेळेला, दोन्ही आवाज ओळखीचे झाल्यावर, कानात होणारी ती कुजबुज फार परिणामकारक वाटेल.

क्लाउदिया योसा यांनी यावर २०२१ मध्ये स्पॅनिश चित्रपट केला, तो नेटफ्लिक्सवर आला. पटकथा योसा आणि श्वेब्लिन यांनी मिळून लिहिलीय, आणि कार्लाचं नाव तिथे कारोला झालंय. दोलोरेस फोन्सी यांनी ती भूमिका छान केलीय, तिच्यातली ओढ आणि धोका दोन्ही दिसतात. अडचण कॅमेऱ्याची आहे. पुस्तकातला ओलेपणा एका साध्या वाक्यात निसटून जाऊ शकतो, पडद्यावर तो दाखवावा लागतो, आणि दाखवला की आपण सावध होतो. चित्रपट आधी पाहिला तर गवताचा तो प्रसंग कायमचा वाया जातो. आधी पुस्तक, हा क्रम उलटा करू नका.

वाचायला किमान तीन तास सलग मोकळे ठेवा. रात्री झोपण्याआधी अर्धा तास, मग उद्या अर्धा तास, अशी ही कादंबरी वाचायची नाही. मोकळी ओळ नसल्याने मधेच ठेवलेली खूण कुठल्या काळातली होती ते आठवत नाही, आणि दाविदने लावलेली घाई वाचकाला लागली नाही तर पुस्तकाचा अर्धा जोर जातो. घरात लहान मूल आजारी असेल, गरोदरपण किंवा नुकतं झालेलं बाळंतपण असेल, मूल गमावल्याचं दुःख ताजं असेल, तर हे पुस्तक सध्या बाजूला ठेवा. यात रक्तपात जवळपास नाही, पण मुलांचं आजारपण, जनावरांचं मरण आणि स्वतःच्याच मुलाची वाटणारी भीती हे सगळं अगदी जवळून येतं. भयपट पचवणाऱ्यांनाही ते पचेलच असं नाही.

हे आवडलं तर पुढे काय? श्वेब्लिन यांचाच ‘सेव्हन एम्प्टी हाउसेस’ हा कथासंग्रह घ्या. मूळ २०१५ चा, मॅकडॉवेल यांचाच अनुवाद २०२२ चा, आणि अनुवादित साहित्याचा अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळालाय. त्यातली सगळ्यात दीर्घ कथा लोला नावाच्या म्हाताऱ्या बाईची आहे. मरणाची तयारी म्हणून ती याद्या करते, सामान खोक्यांत भरते, शेजाऱ्यांवर डोळा ठेवते. आठवण हातून निसटत चाललेल्या माणसाच्या आत बसून लिहिलेली ती कथा ‘फीवर ड्रीम’हून हळू आहे आणि माझ्या लेखी जास्त क्रूर. कोरियन लेखिका हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ही याच रांगेत ठेवता येईल. तिथे जिच्यावर सगळं बेततं त्या बाईला निवेदन जवळजवळ मिळतच नाही, नवरा, मेहुणा आणि बहीण यांच्या नजरेतूनच ती दिसते. अमांडाला बोलू दिलं जातं पण दिशा दुसरा ठरवतो, हान कांग यांच्या नायिकेकडून बोलणंच काढून घेतलंय. या दोन्ही लागोपाठ वाचू नका, मध्ये महिनाभर जाऊ द्या.

‘फीवर ड्रीम’ पुन्हा वाचायची झाली तर आठवडाभराने वाचा, आणि या खेपेला पेन्सिल घेऊन बसा. दोन गोष्टींवर खुणा करत जा. दोरी ताणल्याचा किंवा सैल झाल्याचा उल्लेख येईल तिथे एक, आणि पाणी, ओल, ओले हात असं काही येईल तिथे दुसरी. पुस्तक संपल्यावर दोन्ही प्रकारच्या खुणा कुठे कुठे पडल्यात ते पानं चाळून पाहा. दोरी सर्वांत सैल आहे ती पानं आणि ओल आहे ती पानं शेजारी ठेवून बघा. मग पहिल्या पानावर परत या आणि त्या पहिल्या काही ओळींत कोण सांगतंय, कोण विचारतंय ते पुन्हा वाचा.